दूरच्या शिकारीची रायफल

ऑक्टोबरचा महिना. उत्तर अमेरिकेंतील रॉकी पर्वताच्या उतारावर नुकतें उजाडूं लागलें आहे. दरीपलीकडे, पाइनच्या झाडीबाहेर, एल्कचा एक नर चरतो आहे. एल्क म्हणजे हिंदुस्थानांतील सांबराचा थोरला भाऊबंदच. पूर्ण वाढलेला नर सातशें पौंड सहज भरतो. दरीच्या अलीकडे शिकारी पालथा पडला आहे. मध्यें चारशें यार्डांची मोकळी हवा. पुढें सरकावें तर आडोसा नाहीं. थांबावें तर जनावर झाडींत शिरणार. अशा वेळीं हातांत कोणती रायफल असावी, हा प्रश्न वायोमिंग, मोंटाना वगैरे राज्यांतील परवानेधारक शिकाऱ्यांपुढें दर वर्षीं येतो.

भारतांत हा प्रश्न उरलेला नाहीं. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्याची १९९१ ची दुरुस्ती यांनीं येथील शौकाची शिकार बंद केली, आणि तें योग्यच झालें. तरीहि या प्रश्नाचा विचार श्रोत्यांना उद्बोधक वाटेल. कारण त्यांत यंत्रशास्त्र, पदार्थविज्ञान आणि नीति या तिहींची गांठ पडते. ‘ही रायफल किती दूर मारते?’ असें दुकानांत विचारलें जातें. वास्तविक विचारावयास हवें तें हें, कीं ‘पहिली गोळी नेमकी कोठें लागेल?’ या दोन प्रश्नांमधील अंतर जनावराला भोगावें लागतें.

प्रथम यंत्राकडे पाहूं. ‘बोल्ट’ म्हणजे अडसर. दाराला अडसर घालावा त्याप्रमाणें काडतुसाच्या मागें पोलादी दांडा सरकवून फिरवला, कीं त्याचे दात खांचांत घट्ट बसतात आणि स्फोटाचा सारा दाब ते पेलतात. दर खेपेस हा अडसर त्याच जागीं, तितकाच घट्ट बसतो. हलणारे भाग थोडे असतात. म्हणून नेमाला ही रचना अनुकूल पडते. जर्मनीच्या पाउल मौझर यानें १८९८ सालीं ती पूर्णत्वास नेली, आणि पुढील बहुतेक शिकारी रायफली तिच्याच वंशांतल्या आहेत. मौझरच्या दांड्याला एक लांब पंजा असतो. पेटींतून वर येणाऱ्या काडतुसाची कड तो आरंभींच पकडतो आणि बार झाल्यावर रिकामें नळकांडें बाहेर फेंकीपर्यंत सोडीत नाहीं. अमेरिकेंतील विंचेस्टर कंपनीनें १९३६ सालीं काढलेल्या ‘मॉडेल ७०’ या रायफलीला हाच पंजा होता. १९६४ सालीं खर्च वांचविण्यासाठीं तो काढून टाकला, तेव्हां शिकारी इतके नाराज झाले, कीं जुन्या रायफलींना बाजारांत वेगळाच भाव येऊं लागला. आणि पुढें कंपनीला तो पंजा परत आणावा लागला. पंजा नसलेल्या रायफलीहि नेमाला उत्तम असतात. परंतु थंडीनें बधिरलेल्या हातांनीं दुसरें काडतूस घाईनें भरावें लागतें, तेव्हां पंजाचें मोल कळतें.

आतां काडतूस. १९०६ सालीं अमेरिकन लष्करानें स्वीकारलेलें ‘थर्टी-ऑट-सिक्स’ हें काडतूस शिकारींतहि प्रमाणभूत मानलें गेलें आहे. त्याची १८० ग्रेन वजनाची गोळी नळींतून सेकंदाला सुमारे २,७०० फूट वेगानें निघते. इतक्या वेगाची गोळी सरळच जात असेल, असा सामान्य समज आहे. तो खोटा आहे. नळी सोडतांच पृथ्वी तिला खालीं ओढूं लागते. २०० यार्डांवर नेम जुळविला असेल, तर हीच गोळी ३०० यार्डांवर सुमारे ८ इंच, ४०० वर सुमारे २ फूट आणि ५०० वर जवळजवळ ४ फूट खालीं जाते. एल्कच्या हृदय-फुफ्फुसांची जागा एवढी मोठी नसते. ती सुमारे एक फूट व्यासाची धरावी. ४५० यार्डांवरचें जनावर ४०० वर आहे असें समजून बार काढला, तर गोळी सुमारे १० इंच खालीं उतरते आणि फुफ्फुसाऐवजीं पाय मोडते. अलीकडे किरणांच्या साह्यानें अंतर मोजणारें यंत्र खिशांत मावतें, त्यामुळें ही चूक टळूं शकते. डोंगरउतारावर मात्र आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी लागते. गोळीचा उतार आडव्या अंतरावर अवलंबून असतो. म्हणून ३० अंशांच्या चढावर ४०० यार्ड मोजले, तरी नेम सुमारे ३४६ यार्डांचा धरावा लागतो.

वाऱ्याचें मात्र असें नेमकें माप मिळत नाहीं. ताशीं १० मैलांचा आडवा वारा हीच गोळी ४०० यार्डांवर सुमारे एक फूट आणि ५०० वर दीड फुटाहून अधिक बाजूस ढकलतो. शिकाऱ्याच्या गालाला वारा लागत नसतांना दरीच्या मध्यभागीं तो वाहत असतो, आणि पलीकडच्या कड्याशीं त्याची दिशाहि निराळी असते. हें गवताच्या हालचालीवरून वाचावें लागतें, आणि तें कोणत्याहि दुकानांत विकत मिळत नाहीं.

याला उपाय म्हणून अधिक दारूचें ‘मॅग्नम’ काडतूस सुचविलें जातें. १९६३ सालीं निघालेलें ‘थ्री हंड्रेड विंचेस्टर मॅग्नम’ हें त्यांतील प्रसिद्ध होय. त्याची तेवढ्याच वजनाची गोळी ४०० यार्डांवर चार-पांच इंच कमी उतरते, हें खरें. पण खांद्यावर बसणारा धक्का सुमारे तिसऱ्या हिश्श्यानें किंवा त्याहूनहि अधिक वाढतो. धक्क्याची धास्ती बसलेला मनुष्य चाप ओढण्याच्या क्षणीं नकळत डोळे मिटतो, खांदा आंखडतो. आणि काडतुसानें वांचविलेले पांच इंच त्या एका दचकण्यांत दुपटीनें गमावतो. म्हणून ज्या काडतुसाचे वीस बार एका बैठकींत न दचकतां काढतां येतात, तेंच त्या मनुष्याचें काडतूस.

गोळीचीहि एक मर्यादा आहे. शिकारी गोळी आंत शिरल्यावर फुलावी, तरच मरण लौकर येतें. पुष्कळ गोळ्यांना त्यासाठीं सेकंदाला सुमारे १,८०० फूट वेग लागतो, आणि वर सांगितलेली गोळी ५०० यार्डांवर त्या वेगाच्या जवळ येऊन ठेपते. त्यापुढें ती सुईप्रमाणें आरपार जाण्याचा संभव वाढतो. शिवाय ५०० यार्ड कापावयास तिला सुमारे सात दशांश सेकंद लागतो. तेवढ्यांत चरणारें जनावर एक पाऊल पुढें टाकतें, आणि फुफ्फुसावर धरलेला नेम पोटावर बसतो.

आतां दुर्बीण. आकार जितका मोठा दिसेल तितकें बरें, ही समजूतहि तपासून घ्यावी. दुर्बिणींतून डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशाच्या झोताची रुंदी काढावयाची तर पुढच्या भिंगाच्या व्यासाला मोठेपणाच्या पटीनें भागावें. ४० मिलिमीटरचें भिंग चार पटींवर १० मिलिमीटरचा झोत देतें. दहा पटींवर तो चारच मिलिमीटर उरतो. पहाटेच्या अंधुक प्रकाशांत माणसाची बाहुली याहून अधिक उघडलेली असते, म्हणून दहा पटींवर चित्र काळवंडतें. दृष्टीचा आवांकाहि आखडतो. शेजारीं उभी असलेली मादी दिसत नाहीं, आणि हाताचा कंप दहापट होऊन दिसतो. तीन ते नऊ पटींपर्यंत बदलतां येणारी दुर्बीण बहुतेकांना पुरते. ती डोळ्यापासून तीन-चार इंच दूर असावी, नाहीं तर धक्क्यासरशीं तिची कड भुवईंत रुतते. तिच्या पोटांत नायट्रोजन वायु भरलेला असावा, म्हणजे थंडींत भिंगें आंतून धुरकटत नाहींत. आणि ज्या कड्यांनीं ती रायफलीवर आवळलेली असते, त्या कड्यांत कधींहि काटकसर करूं नये. कडें सैल तर सारा हिशेब फुकट.

लांकडी दस्ता सुंदर दिसतो. पण तो पावसाळी हवेंत फुगतो, नळीला दाबतो आणि नेम हलवितो. म्हणून हल्लीं कृत्रिम पदार्थांचे दस्ते पुष्कळ खपतात. दस्त्याची लांबी मात्र ज्याची त्यानें खांद्याला लावून पहावी. रायफल उचलतांच डोळा आपोआप दुर्बिणीच्या मध्यावर आला पाहिजे. मान वांकवावी लागत असेल, तर ती रायफल दुसऱ्या कोणासाठीं घडलेली आहे.

इतकी निवड झाल्यावर परीक्षा उरते, आणि ती माणसाची आहे. टेबलावर वाळूच्या पिशव्या टेकून १०० यार्डांवर एका इंचांत गोळ्या बसविणें हें रायफलीचें प्रमाणपत्र होय, शिकाऱ्याचें नव्हे. त्यानें थंड नळीनें, चढण चढून धाप लागली असतां, बसून किंवा पालथें पडून, जेवणाच्या ताटाएवढ्या वर्तुळावर एकच बार काढावा. आणि हा प्रयोग निरनिराळ्या दिवशीं, निरनिराळ्या वाऱ्यांत करावा. ज्या अंतरापर्यंत एकहि बार ताटाबाहेर जात नाहीं, तेवढाच त्याचा पल्ला. मग रायफलीवर कांहींहि लिहिलेलें असो. थिओडोर रूझवेल्ट यानें १८८७ सालीं स्थापन केलेल्या ‘बून अँड क्रॉकेट क्लब’नें न्याय्य शिकारीचा जो आग्रह धरला, त्याचें मर्महि हेंच आहे.

जायबंदी होऊन निसटलेल्या जनावराचें पुढें काय होतें, हें हिंदुस्थाननें फार मोठी किंमत देऊन पाहिलें आहे. १९०७ सालीं कुमाऊंतील चंपावतजवळ जिम कॉर्बेट यानें एक वाघीण मारली. तिनें नेपाळांत आणि कुमाऊंत मिळून ४३६ माणसें मारलीं होतीं, असा त्यानें आंकडा दिला आहे. त्यानें तिचा जबडा पाहिला, तेव्हां उजव्या बाजूचे वरचा आणि खालचा असे दोन्ही सुळे मोडलेले आढळले. तें कोणाच्या तरी जुन्या गोळीचें काम होतें. नेहमींची शिकार धरतां येईना म्हणून ती माणसांकडे वळली, असें त्यानें १९४४ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊं’ या पुस्तकांत नमूद केलें आहे.

त्या कामगिरीबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन हिवेट यांनीं कॉर्बेटला लंडनच्या रिग्बी कंपनीची, मौझर पद्धतीची .२७५ रायफल भेट दिली. आजच्या मॅग्नमपुढें ती किरकोळच म्हणावी लागेल. परंतु १९२६ सालीं रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या त्यानें याच रायफलीनें, रात्रीं, अगदीं जवळून, एका गोळींत संपविला.

तेव्हां दरीपलीकडे चरणारा तो एल्क ताटाच्या मापाबाहेर असेल, तर शिकाऱ्यानें अडसर मागें ओढून काडतूस काढून घ्यावें आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हा डोंगर चढावा. हें ज्याला साधतें, त्याच्या हातीं साधी रायफलहि शोभते. ज्याला साधत नाहीं, त्याला कोणतीच पुरी पडत नाहीं.