प्रादेशिक सेनेचा अर्ज मागे घेताना

आपला नोकरीधंदा सांभाळून वर्षातील काही दिवस सैनिकी शिक्षण घ्यावयाचे आणि राष्ट्रावर प्रसंग ओढवला म्हणजे गणवेश चढवून उभे राहावयाचे, ही प्रादेशिक सेनेमागील कल्पना होय. १९४८ च्या कायद्याने ही सेना अस्तित्वात आली व ९ ऑक्टोबर १९४९ रोजी तत्कालीन गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी तिचे उद्‌घाटन केले. १९६२, १९६५ व १९७१ या तिन्ही युद्धांत तिच्या तुकड्यांनी कामगिरी बजावली. मराठा लाइट इन्फन्ट्रीशी संलग्न अशा तिच्या पलटणी पुणे व कोल्हापूर येथे असल्यामुळे मराठी घरांना ती परकी नाही.

अशा सेनेसाठी उत्साहाने अर्ज करणाऱ्या तरुणावर तो मागे घेण्याची पाळी कधी कधी येते. वडील अंथरुणाला खिळतात, घरात मिळवता तोच एकटा उरतो, अथवा नव्या नोकरीमुळे दूरदेशी जावे लागते. अशा वेळी दोन शंका त्याला ग्रासतात. हा पळपुटेपणा ठरेल काय? आणि सरकार यासाठी शिक्षा करील काय?

या दोन्ही शंकांचे उत्तर एकाच गोष्टीवर अवलंबून आहे. ती गोष्ट म्हणजे नोंदणी. कायद्याच्या भाषेत नागरिक नोंदणीसाठी स्वतःला ‘देऊ करतो’. देऊ केलेली वस्तू स्वीकारली जाईपर्यंत देणाऱ्याचीच असते. म्हणून लेखी परीक्षा, मुलाखत वा वैद्यकीय तपासणी झाली असली, तरी नोंदणीपूर्वी घेतलेली माघार हा गुन्हा नव्हे.

१९५० च्या सेना अधिनियमात नोंदणीची जी रीत सांगितली आहे, तीवरून हे स्पष्ट होते. सेवेच्या अटी उमेदवाराला वाचून व समजावून सांगाव्या लागतात. त्या त्याला मान्य आहेत अशी खात्री पटल्यावरच अधिकारी स्वतः सही करतो व उमेदवाराची सही घेतो. पुढे जी शपथ दिली जाते, तीत प्राणावर बेतले तरी आज्ञा पाळण्याचे वचन असते. एवढे मोठे वचन घेण्यापूर्वी माणसाला विचार करण्यास अवसर असावा, हाच या रीतीचा हेतू दिसतो.

सही झाल्यावर मात्र ‘अर्ज मागे घेणे’ हा शब्दच उरत नाही. तेथून पुढे प्रश्न सेवामुक्तीचा. ती मुदत संपल्यावर, अथवा नियमांनी ठरविलेल्या अधिकाऱ्याच्या हुकुमाने तत्पूर्वी मिळते. परंतु प्रत्यक्ष सैनिकी सेवेवर असलेल्या माणसाला ती सेवा संपेपर्यंत तिचा हक्क सांगता येत नाही. सेवेवर बोलावणे आल्यावर न कळविता घरी बसणे हा तर शिस्तीचा भंग होय.

माघार घेण्यापूर्वी एक गोष्ट अवश्य पाहावी. केवळ नोकरी जाईल या धास्तीने अर्ज मागे घेऊ नये. सैनिकी सेवेसाठी बोलावलेला कर्मचारी परतल्यावर त्याला पूर्वीपेक्षा कमी नसलेल्या अटींवर पुन्हा कामावर घेण्याचे बंधन, काही अपवाद सोडता, याच कायद्याने मालकावर घातले आहे. मालकाशी एकदा मोकळेपणाने बोलल्यास पुष्कळदा अडचण सुटते.

निश्चय कायम राहिला तर विलंब करू नये. ज्या कार्यालयाकडे अर्ज धाडला, त्याच कार्यालयास पूर्ण नाव, अर्जाचा क्रमांक व दिनांक नमूद करून दोन-चार ओळींत कळवावे. कारण थोडक्यात व खरे लिहावे. लांबलचक विनवणीची गरज नाही. मूळ कागदपत्रे दिली असल्यास ती परत मागावीत, पत्राची नक्कल व पोहोच जपून ठेवावी. मालकाकडून ना-हरकत पत्र घेतले असल्यास त्यालाही वर्दी द्यावी.

मौन पाळणे हा सर्वांत वाईट मार्ग. निवड झालेला उमेदवार न सांगता आलाच नाही, तर त्याची जागा अडून राहते आणि खालच्या क्रमांकावर वाट पाहणारा दुसरा तरुण वयोमर्यादेच्या काठावर तिष्ठत बसतो. वेळेवर धाडलेल्या चार ओळींनी त्याची वाट मोकळी होते. घरची अडचण दूर झाल्यावर वय व प्रकृती अनुकूल असेल, तर माघार घेतलेल्यालाही पुढील भरतीत पुन्हा अर्ज करता येतो. न पेलणारे वचन सहीपूर्वीच नाकारण्यात कमीपणा नाही. सही करून ते मोडण्यात मात्र आहे.