मतदान केंद्रापाशी बंदूक: एका मागणीतून संशोधनाचा प्रश्न कसा काढायचा?

अमेरिकेत निवडणूक घेण्याचं प्रत्यक्ष काम बहुतेक ठिकाणी काउंटी किंवा शहर पाहतं. त्यामुळे 'सशस्त्र माणसांना मतदान केंद्रापासून लांब ठेवा' ही मागणी स्थानिक कारभाऱ्यांकडे जाते. तुम्ही म्हणाल, याला देशाचा कायदा नाही का?

आहे, थेट १८६५ सालचा. केंद्र सरकारच्या लष्करी वा नागरी अधिकाऱ्याने मतदानाच्या जागी सैनिक किंवा सशस्त्र माणसं ठेवली, तर पाच वर्षांपर्यंत कैद. अपवाद फक्त सशस्त्र शत्रूला परतवण्याचा. पण शब्द नीट वाचा. हे बंधन केंद्राच्या अधिकाऱ्यांवर आहे. काउंटीचा शेरीफ किंवा कमरेला पिस्तूल लावून आलेला स्वयंघोषित पहारेकरी त्यात बसत नाही. मतदाराला धमकावणं हा वेगळा गुन्हा आहे, पण धमकी सिद्ध करावी लागते.

१९८१ मध्ये न्यू जर्सीत गव्हर्नरची निवडणूक झाली. रिपब्लिकन पक्षाने ड्यूटीवर नसलेले पोलीस दंडाला पट्टे बांधून कृष्णवर्णीय आणि लॅटिनो वस्त्यांतल्या केंद्रांवर उभे केले, काहींकडे शस्त्रं होती. निकालात फरक सुमारे १,८०० मतांचा. पुढच्या वर्षी न्यायालयातल्या तडजोडीने पक्षावर बंधनं आली. पण त्या दिवशी किती जण दारातून परत गेले? मतदार यादीत घाबरून परतलेला आणि घरीच बसलेला, दोघेही सारखेच दिसतात. संशोधकाची खरी अडचण इथे आहे.

मग पटकन सुचतं, 'सशस्त्र माणसं होती तिथलं आणि नव्हती तिथलं मतदान तुलना करून बघू.' थांबा! बंदोबस्त वाटेल तिथे लागत नाही. जिथे तणाव, तिथेच लागतो. मतदान घटलं ते तणावामुळे की बंदुकीमुळे, हे त्या तुलनेतून कळणार नाही. त्यापेक्षा नियमातला बदल धरा. न्यू मेक्सिकोने २०२४ मध्ये मतदान केंद्राच्या १०० फुटांत बंदुकीला, काही अपवाद सोडून, बंदी घातली. बदलाच्या आधीचे-नंतरचे आकडे शेजारच्या राज्यातल्या सीमेलगतच्या काउंट्यांशी ताडून पाहता येतील. त्याच काळात दुसरं काय बदललं, तेही तपासावं लागेल.

नियम कोण करतो, हेही बघा. मिशिगनमध्ये २०२० साली अशीच १०० फुटांची बंदी निवडणूक अधिकाऱ्याच्या निर्देशाने आली आणि मतदानाच्या आठवडाभर आधी न्यायालयाने रोखली. कारण, नियम करण्याची रीतसर प्रक्रिया पाळली नव्हती.

आपल्याकडे चित्र बरंच उलटं आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १३४ब शस्त्र घेऊन केंद्राजवळ यायला मनाई करतं, पण बंदोबस्तावरच्या पोलिसांना सूट देतं. शिवाय संवेदनशील केंद्रांवर केंद्रीय दलं द्या, अशी मागणी उमेदवारच करतात. म्हणजे बंदूक तीच, एका मतदाराला धाक, दुसऱ्याला आधार.

म्हणून प्रस्ताव लिहिताना 'सशस्त्र' एवढ्यावर थांबू नका. शस्त्र कोणाच्या हातात, कोणाच्या हुकमाने आणि रांगेत कोण उभं आहे, हे तीन रकाने आधी आखा. परत गेलेला माणूस कुठल्याच आकड्यात येत नाही. त्याला शोधायचं असेल तर त्या वस्तीत जाऊन विचारावंच लागेल.