रोग्याची नोंद : एक नवे शास्त्र

आपल्या वडगावपासून जवळच असलेल्या इचलकरंजीचे उदाहरण घेऊ. यंत्रमागावर कापसाच्या धुळीत वर्षे काढलेला कामगार खोकू लागला, की एका दवाखान्यात कागदावर ‘दमा’ लिहितात, तर दुसऱ्यात नुसता ‘खोकला’. मग रोगाची मोजदाद कशी व्हावी, आणि भरपाई मागण्यास पुरावा तरी कोठून आणावा? कापूसधुळीच्या या रोगास, म्हणजे बिसिनोसिसला, आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत ‘जे ६६.०’ हा संकेतांक आहे. नोंदी अशा एका परिभाषेत ठेवणे, संगणकावर जपणे व त्यांतून रोग कोठे वाढतो हे शोधणे, यास वैद्यकीय माहितीशास्त्र म्हणतात.

विद्यापीठात ते शिकणाऱ्यास वैद्यकाची ओळख, संख्याशास्त्र, संगणक व कायदा ही चारही अंगे लागतात. पुढे रुग्णालये, विमा कंपन्या, औषधचाचण्या, सार्वजनिक आरोग्य व संगणकप्रणाली यांत कामे मिळतात. अशा नोंदींच्या मानकांचे राष्ट्रीय केंद्र पुण्याच्या सी-डॅकमध्येच आहे. २०२१ साली देशभर सुरू झालेल्या डिजिटल आरोग्य योजनेत प्रत्येकास १४ अंकी ‘आभा’ क्रमांक घेता येतो.

मात्र पालकहो, नुसते आकडे भरणारा कंत्राटी कारकून आणि आकड्यांचा अर्थ लावणारा जाणकार यांत फरक आहे. प्रवेश घेण्यापूर्वी अभ्यासक्रम यांपैकी कोणास घडवतो ते विचारा. रोग्याचे गुपित राखणे तेथे शिकवतात का, हेही विचारा. खोकल्याची नोंद मालकाच्या हाती पडली, तर भरपाईपूर्वी नोकरीच जावयाची.