घोडा गाडीत चढवला की काटा ३५वर

मार्गशीर्ष लागला की घोडेवाल्यांना सारंगखेड्याचे वेध लागतात. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी दत्तजयंतीला भरणारा हा घोड्यांचा बाजार. त्यामागोमाग नांदेड जिल्ह्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा येते आणि पौष पौर्णिमेला जेजुरीत गाढवांचा बाजार भरतो. पूर्वी जनावरे मजल-दरमजल करीत पायी जात. आता ती टेम्पो-ट्रकमध्ये चढतात. वेळ वाचला हे खरे, पण दहा वर्षे जपलेले जनावर एका करकचून दाबलेल्या ब्रेकने लंगडे होऊ शकते. घोड्याचा मोडलेला पाय सहसा पूर्ववत होत नाही, हे जाणकारांना सांगायला नको.

गाडी घरची, मग नियम कशाला?

गावात नेहमी ऐकू येते, “गाडी आपली, घोडा आपला. भाडं घेत नाही, मग कायदा कशाला आडवा येतो?” यात अर्धेच खरे आहे. १९८८च्या मोटार वाहन कायद्यानुसार एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. ही सवलत तेवढ्यापुरतीच. घोडे, खेचरे आणि गाढवे कशी न्यावीत, हे १९७८च्या प्राणी वाहतूक नियमांत सांगितले आहे. हे नियम भाड्याची गाडी आणि घरची गाडी असा भेद करीत नाहीत.

दोन आकडे, दोन अर्थ

केंद्र सरकारच्या २०१५च्या अधिसूचनेनंतर नव्या मालवाहू गाड्यांना टप्प्याटप्प्याने ताशी ८० किलोमीटरवर अडवणारे वेगनियंत्रक, म्हणजे स्पीड गव्हर्नर, आले. डंपर, टँकर आणि शाळेच्या बस यांना ही मर्यादा ६०ची आहे. त्यामुळे अनेक चालक समजतात की, यंत्र अडवत नाही तोवर आपण नियमातच आहोत.

इथेच फसगत होते. घोडे नेणारी गाडी ताशी ३५ किलोमीटरहून जोरात चालवू नये, असे १९७८चा नियम सांगतो. यंत्राला हौद्यात सिमेंट आहे की घोडी, ते कळत नाही. ते ८०ला अडवील, ३५ला नाही. ते काम चालकाच्या पायाचेच.

एवढा कमी वेग का? वेग दुप्पट झाला की ब्रेक दाबल्यापासून गाडी थांबेपर्यंतचे अंतर चौपट होते. ३५ऐवजी ७०ने निघालात तर हाच हिशेब लागू पडतो. बसलेला माणूस दांडी धरतो. घोडा मात्र चार पायांवर उभा असतो आणि पुढचे वळण त्याला दिसत नाही. तोल सावरायचा तो खुरांवरच. प्रत्येक हिसक्याला तो घाबरतो, लाथा झाडतो, घसरतो.

हिशेब सोपा आहे. १४० किलोमीटरला चार तास, २१० किलोमीटरला सहा तास, वर थांबे वेगळे. म्हणून रात्री उशिरा निघून पहाटे बाजार गाठायचा बेत सोडा. एक दिवस आधी निघा. दमलेल्या, घामेजलेल्या घोड्याला भाव तरी कोण देणार?

हौदा कसा असावा?

१. बाजूंना गादीसारखे अस्तर हवे. जमिनीवर पाय घसरणार नाही असे काही अंथरा. काथ्याची जाड चटई चांगली. हौद्याच्या बाजू बुटक्या असतील तर वाढवून घ्या.

२. दोन घोड्यांमध्ये किमान ८ सेंटिमीटर जाडीचा बांबू आणि मागे दोन मजबूत आडव्या पट्ट्या लावा.

३. तोंडे डावीकडे करा. आपली वाहतूक डावीकडून चालते, त्यामुळे ओलांडून जाणाऱ्या गाड्या उजव्या अंगाने येतात. त्यांचे दिवे आणि हॉर्न तोंडासमोर आले की घोडा बिथरतो.

४. एका गाडीत चार ते सहाहून अधिक जनावरे नकोत. शिवाय १ जानेवारी २०१६पासून मोटार वाहन नियम १२५-ईनुसार प्रत्येक घोड्याला २.२५ चौरस मीटरचा, म्हणजे सुमारे २४ चौरस फुटांचा स्वतंत्र कप्पा हवा. चौदा फूट लांब, सात फूट रुंद हौदा असेल तर चार घोडे, पाचवा नाही. लहान पिकअपमध्ये घोडा आडवा उभा राहत नाही, तेव्हा रुंद हौद्याची गाडीच बघा. जनावरांसोबत दुसरा माल भरू नका.

५. जनावरांजवळ एक माणूस हवाच. चालक आणि सांभाळणारा एकच, हे चालणार नाही.

निघण्यापूर्वी चारा-पाणी द्या आणि वाटेपुरते सोबत घ्या. प्रथमोपचाराची पेटी ठेवा. गाभण घोडी आणि शिंगरू इतर जनावरांत मिसळू नका. दावे इतके आखूड बांधू नका की मान खाली करता येणार नाही. मान सतत वर राहिली तर श्वासनलिकेतील घाण बाहेर पडत नाही आणि छातीचा आजार जडतो. थांब्यावर दावे सैल करून मान खाली घेऊ द्या.

चालकाच्या विश्रांतीचे काय?

युरोपात साडेतीन टनांवरील व्यापारी मालगाड्यांत टॅकोग्राफ नावाचे यंत्र असते. गाडी किती वेळ चालली, किती वेगाने, कधी थांबली, याची ते नोंद ठेवते. तिथे साडेचार तास गाडी चालवल्यावर ४५ मिनिटे विश्रांती घ्यावीच लागते. साडेसात टनांपर्यंतच्या, व्यापारासाठी नसलेल्या गाड्यांना मात्र तिथेही सूट आहे. आपल्या टेम्पोत बहुधा असे यंत्र नसते, पण एक वही आणि पेन पुरते. निघाल्याची वेळ, थांबे, पाणी दिल्याची वेळ लिहा. पेंगणारा चालक घोड्याला आणि मालकालाही घातक.

गावकारभाऱ्यांसाठी

प्रवासायोग्य असल्याचा पशुवैद्यकाचा दाखला नसेल तर जनावर गाडीत घेऊच नये, असा नियम आहे. म्हणून सरपंच आणि पोलीस पाटलांनी यात्रेआधी गावातील घोडेवाल्यांची यादी करून पशुवैद्यकीय दवाखान्यातून तपासणीचा दिवस ठरवून घ्यावा. गावाबाहेर हौद्याच्या उंचीचा मातीचा धक्का बांधला तर चढवता-उतरवतानाचे अपघात कमी होतील. खर्च फार नाही.

१९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपयेच आहे. तेवढ्यावर बेफिकीर होऊ नका. खरा दंड हौद्यातच भरावा लागतो, आणि तो मुके जनावर भरते.