पेशीतील कचरा आणि रक्ताचा कर्करोग

रोजचा कचरा रोज उचलला गेला नाही तर काय होते, हे उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरच्या नागरिकांना वेगळे सांगायला नको. शरीरातील प्रत्येक पेशीपुढेही हाच प्रश्न असतो. पेशीत सतत नवी प्रथिने तयार होतात आणि त्याच वेळी जुनी, काम संपलेली किंवा सदोष प्रथिने मोडीत काढावी लागतात. मोडीत काढण्याच्या या व्यवस्थेचा उलगडा झाला आणि त्यातून रक्ताच्या काही कर्करोगांवर प्रभावी औषधे हाती आली.

कोणते प्रथिन मोडायचे, हे पेशी कसे ठरवते? उल्हासनगरच्या जीन्सच्या कारखान्यात लेबल लागले की माल बाजारात जायला तयार होतो. पेशीत मात्र लेबल लागले की प्रथिनाचे आयुष्य संपते. हे लेबल म्हणजे युबिक्विटिन नावाचे ७६ अमिनो आम्लांचे छोटेसे प्रथिन. तीन प्रकारची विकरे एकापाठोपाठ एक काम करून नको असलेल्या प्रथिनावर युबिक्विटिनची साखळी चिकटवतात. मग प्रोटिअसोम नावाचे पिंपाच्या आकाराचे यंत्र ते प्रथिन आत ओढून त्याचे बारीक तुकडे करते. युबिक्विटिन सुटून पुन्हा वापरले जाते आणि तुकड्यांतून मिळणारी अमिनो आम्ले नव्या प्रथिनांच्या कामी येतात. या शोधाबद्दल ॲरन सिएचॅनोव्हर, अवराम हेर्शको आणि आयर्विन रोझ यांना २००४ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

या व्यवस्थेवर सर्वाधिक विसंबून असलेला कर्करोग म्हणजे मल्टिपल मायलोमा. तो अस्थिमज्जेतील प्लाझ्मा पेशींना होतो. जंतूंशी लढणारी प्रतिपिंडे तयार करणे हे या पेशींचे काम. प्रतिपिंडे ही प्रथिनेच असतात आणि एकेक पेशी सेकंदाला हजारांच्या घरात ती तयार करू शकते. कर्करोग झालेली पेशी बहुधा एकाच साच्यातील निरुपयोगी प्रतिपिंडांचा लोंढा निर्माण करते. उत्पादन एवढे अफाट, तर सदोष मालही अफाट. त्यामुळे तिचा प्रोटिअसोम सतत राबत असतो. तो बंद पाडला तर न मोडलेल्या प्रथिनांचा ढीग साचतो आणि ती पेशी मरते. निरोगी पेशींवर कामाचा एवढा ताण नसल्याने त्या हा अडथळा अधिक सहन करू शकतात. याच तत्त्वावर आधारलेल्या बॉर्टेझोमिब या औषधाला अमेरिकेत २००३ मध्ये मान्यता मिळाली.

दुसरा मार्ग याच्या नेमका उलट आहे. त्यात मोडतोडीची यंत्रणा बंद न पाडता तिलाच कामाला लावले जाते. थॅलिडोमाइड हे झोपेचे औषध १९५० च्या दशकाच्या अखेरीस युरोपात गर्भवती स्त्रियांनीही घेतले आणि हजारो बालके हातापायांच्या गंभीर व्यंगांसह जन्मली. १९६१ मध्ये ते बाजारातून मागे घेण्याची वेळ आली. तेच औषध मायलोमावर चालते, असे १९९९ मध्ये दिसून आले. ते सेरेब्लॉन नावाच्या प्रथिनाला चिकटते, हे जपानी संशोधकांनी २०१० मध्ये दाखवले. सेरेब्लॉन हा लेबल लावणाऱ्या यंत्रणेचाच भाग आहे. थॅलिडोमाइडच्याच कुळातील लेनॅलिडोमाइड हे औषध सेरेब्लॉनला चिकटले की कर्करोगाच्या पेशीला जगण्यासाठी आवश्यक असलेल्या प्रथिनांवरच लेबल लागते, हे २०१४ मध्ये स्पष्ट झाले. गर्भाला असलेला धोका मात्र कायम असल्याने ही औषधे कडक खबरदारीनेच दिली जातात.

तिसरे उदाहरण ॲक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमियाचे. या आजारात दोन जनुके जोडली जाऊन एक विकृत प्रथिन तयार होते. आर्सेनिक, म्हणजे आपल्याकडे विष म्हणून ओळखला जाणारा सोमल, त्याच प्रथिनाला चिकटून ते प्रोटिअसोमकडे पाठवतो. त्याच्या जोडीला जीवनसत्त्व अ पासून बनवलेले औषध दिल्यास या आजाराचे बहुसंख्य रुग्ण बरे होतात. अर्थात हे औषध रुग्णालयातील देखरेखीखालीच द्यायचे असते. वैद्यांच्या पुड्यांतील सोमलाशी त्याची गल्लत करू नये.

मायलोमा मात्र बहुतेकदा समूळ जात नाही, पण वर्षानुवर्षे आटोक्यात राहू शकतो. त्यासाठी निदान वेळेत व्हायला हवे आणि आपल्याकडे नेमके तेच हुकते. बदलापूरहून मुंबईपर्यंत गर्दीच्या लोकलमधून रोज ये-जा करणाऱ्याची पाठ दुखली, तर दोष प्रवासाला दिला जातो. थकव्यावर लोहाच्या गोळ्या सुरू होतात आणि वेदनाशामक गोळ्यांवर महिने निघतात. या आजारात मूत्रपिंडे आधीच धोक्यात असतात. त्यामुळे अनेक वेदनाशामके त्यांचे अधिकच नुकसान करतात.

पाठदुखीचे कारण बहुतेक वेळा साधेच असते, घाबरण्याचे कारण नाही. मात्र चाळिशी-पन्नाशीनंतर न थांबणारे हाडांचे दुखणे, रक्तक्षय, वारंवार होणारा जंतुसंसर्ग किंवा रक्तातील क्रिएटिनिन वाढणे, यांपैकी दोन गोष्टी एकत्र दिसल्या तर डॉक्टरांना प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस या रक्ततपासणीबद्दल अवश्य विचारावे. एकाच साच्यातील प्रतिपिंडांचा लोंढा तीत सहसा दिसून येतो. शंका उरल्यास अस्थिमज्जेची तपासणी करावी लागते.

उपचारांसाठी परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाची वाट या पट्ट्यातील कुटुंबांना परिचित आहे. बॉर्टेझोमिब आता त्वचेखाली इंजेक्शनने देता येते आणि त्यासाठी बहुधा रुग्णालयात दाखल व्हावे लागत नाही. लेनॅलिडोमाइडच्या गोळ्या घरीच घेता येतात. भारतीय कंपन्यांची पर्यायी औषधेही उपलब्ध असल्याने खर्चाचा भार काहीसा हलका झाला आहे. हातापायांना मुंग्या येणे किंवा नागीण उठणे हे बॉर्टेझोमिबचे संभाव्य दुष्परिणाम आहेत. ते अंगावर न काढता लगेच डॉक्टरांना सांगावेत, पण स्वतःहून उपचार बंद करू नयेत.