नवें यकृत, मूत्रपिंडें आणि बुरशी

यकृत बदललें म्हणजे संकट टळलें, अशी घरोघर समजूत असते. डोळ्यांचा पिवळेपणा गेला, रुग्ण चार घांस जेवूं लागला, कीं मंडळी पेढे वांटावयास निघतात. त्या आनंदांत आम्हांस विरजण घालावयाचें नाहीं. परंतु त्या वेळीं मूत्रपिंडांकडेहि लक्ष असावें, एवढें सुचवावेंसें वाटतें.

परक्याचें इंद्रिय शरीर सहजासहजीं आपलें म्हणत नाहीं. १९६३ सालीं अमेरिकेंतील डेन्व्हर येथें डॉ. थॉमस स्टार्झल यांनीं मनुष्यावर यकृतारोपणाचा पहिला प्रयत्न केला; पण ही शस्त्रक्रिया रुळली ती १९८० नंतर, सायक्लोस्पोरिन हातीं आल्यावर. हें औषध शरीराची प्रतिकारशक्ति दाबून ठेवतें. मौज अशी कीं, तें निघालें नॉर्वेंतील मातींत सांपडलेल्या एका बुरशीपासून! आणि पहारा ढिला होतांच आंत शिरते तीहि बुरशीच. हल्लीं बहुधा टॅक्रोलिमस देतात. तें जपानांतील मातींतल्या जंतूपासूनचें. परिणाम तोच.

कॅन्डिडा नांवाची बुरशी आपल्या तोंडांत व आंतड्यांत एरवीं मुकाट्यानें राहते. अशा रुग्णाच्या रक्तांत ती शिरली, तर मूत्रपिंडांत ठाण मांडूं शकते. क्वचित् तिचा गोळा होऊन लघवीची वाटच अडते. लघवींत बुरशी दिसली म्हणजे रोग झालाच, असें मात्र नव्हे; पुष्कळदां ती नळीवर वाढलेली असते व नळी काढल्यावर जाते. हा निवाडा डॉक्टरांचा.

उपचारांतच मूत्रपिंडांची खरी कोंडी होते. टॅक्रोलिमस त्यांस आधींच जाचक. बुरशीवरील ॲम्फोटेरिसिन हें जुनें जालीम औषध त्यांस इजा करतें. फ्लुकोनॅझोल लघवींत चांगलें उतरतें, पण त्यानें टॅक्रोलिमसचें रक्तांतील प्रमाण चढतें. म्हणून तें सुरू करतांना टॅक्रोलिमसची मात्रा उतरवावी लागते आणि थांबवितांना पुन्हां चढवावी लागते, रक्त वरचेवर तपासून.

आतां हेंच फ्लुकोनॅझोल नायट्यासाठीं आपल्या घरांतहि येतें. मोठ्या कुटुंबांत औषधाचें कपाट एकच. जाऊबाईंची उरलेली गोळी मामंजींना देण्यांत कोणास कांहीं वावगें वाटत नाहीं. यकृत बदललेल्या माणसाच्या बाबतींत ती एक गोळीहि डॉक्टरांस विचारल्याविना देऊं नये. ताप, कमरेंत ठणका, लघवी कमी होणें, यांपैकीं कांहींहि दिसल्यास त्याच दिवशीं त्यांस कळवावें; अशा रुग्णास ताप मुळींच न येतांहि आजार बळावूं शकतो.