गाडी थांबते, आपण थांबत नाही

एस.टी. बसमधून तुम्ही अनेकदा प्रवास केला असेल. कंडक्टर घंटी वाजवतो आणि बस एकदम सुटते. त्याच क्षणी उभे असलेले प्रवासी मागे कलतात. पुढे रस्त्यात एखादी म्हैस आडवी येते. ड्रायव्हर करकचून ब्रेक दाबतो. आता तेच प्रवासी पुढे झुकतात. त्यांना कोणीही ढकललेले नसते. मग असे का होते?

बस सुटते तेव्हा आपले पाय बसबरोबर पुढे जातात. शरीराचा वरचा भाग मात्र जागच्या जागी राहू पाहतो. बस थांबते तेव्हा पाय थांबतात. पण वरचा भाग पूर्वीच्याच वेगाने पुढे जाऊ पाहतो. स्थिर वस्तू स्थिर राहू पाहते आणि चालती वस्तू त्याच वेगाने सरळ रेषेत चालत राहू पाहते. वस्तूच्या या गुणधर्माला 'जडत्व' म्हणतात. उर्दूत यालाच 'जुमूद' म्हणतात.

जडत्व घरातही दिसते. सतरंजी काठीने झोडपली की सतरंजी हलते, धूळ मागे राहते आणि सुटी होऊन उडते. कॅरमच्या सोंगट्या एकावर एक रचा आणि सर्वांत खालच्या सोंगटीला स्ट्रायकर जोरात मारा. खालची सोंगटी निसटते आणि वरच्या सोंगट्या तेथेच खाली बसतात.

तुम्ही म्हणाल, "जमिनीवर सोडलेला चेंडू तर आपोआप थांबतो!" तो आपोआप थांबत नाही. जमिनीचे घर्षण आणि हवेचा विरोध त्याला थांबवतात. अडथळाच नसेल तर गती संपणार नाही, हा विचार इब्न सीना (इ.स. 980 ते 1037) या विद्वानांनी मांडला होता. पुढे इटलीच्या गॅलिलिओने उतारावरून गोळे सोडून गतीचा अभ्यास केला. इंग्लंडच्या न्यूटनने 1687 साली 'प्रिन्सिपिया' या लॅटिन ग्रंथात गतीचे तीन नियम मांडले. त्यांपैकी पहिला नियम जडत्वाचाच आहे.

हा नियम केवळ परीक्षेपुरता नाही. काही मुले घाईने चालत्या बसमधून किंवा लोकलमधून उडी मारतात. समजा, गाडीचा वेग ताशी 18 किलोमीटर आहे. म्हणजे गाडी दर सेकंदाला 5 मीटर पुढे जाते आणि तिच्यातील मुलगाही तितकाच पुढे जातो. उडी मारताच त्याचे पाय जमिनीवर अडतात. पण धड त्याच वेगाने पुढे जाते. तो तोंडावर आपटतो. कधी तो चाकाखालीही जाऊ शकतो.

मोटारीतील पट्टाही याचसाठी असतो. मोटार अचानक थांबली की पट्टा आपल्याला धरून ठेवतो. पट्टा नसेल तर समोरची काच आपल्याला थांबवते!

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. वेग दुप्पट झाला, की ब्रेक दाबल्यापासून गाडी थांबेपर्यंतचे अंतर सुमारे चौपट होते. म्हणून भरधाव गाडीसमोरून रस्ता ओलांडू नये. ड्रायव्हरची इच्छा असली, तरी गाडी जागच्या जागी थांबू शकत नाही.

निसर्गाचे नियम लहानमोठा, गरीबश्रीमंत असा भेद करत नाहीत. घाईत असलेल्यालाही ते सवलत देत नाहीत. तेव्हा गाडी पूर्ण थांबू द्या, मगच खाली उतरा.